घासाघीस

चावडी बाजारच्या मेट्रो स्टेशनातून वर आलं की आधी लग्नपत्रिकांची दुकानं लागतात, मग पितळी कडी-कोयंडे, मग नळ आणि शॉवर. त्यांच्या मागच्या बोळात डोक्यावर विजेच्या तारांचं छप्पर आहे, आणि हातगाडी आली की माणसानं भिंतीला चिकटून उभं राहायचं असतं. पॉलिश पेपर मिळतो तो तिथे. दिल्लीत त्याला रेगमाल म्हणतात. रेग म्हणजे वाळू आणि माल म्हणजे चोळणं. शब्द फारसीतून आलेला. बाजाराचं नाव मात्र आपल्या ओळखीचं. ही चावडी म्हणजे मराठीतली चावडीच, असं सांगितलं जातं.

गेल्या शनिवारी मी तिथल्या एका गल्ल्यापाशी वीस मिनिटं उभा होतो, कारण माझ्या पुढचे गृहस्थ शीटमागे एक रुपया कमी करून मागत होते. फर्निचरचा कारखाना त्यांचा. शंभर शीट हव्या होत्या, म्हणजे सगळा वाद शंभर रुपयांचा. दुकानदारानं शेवटी हात झटकले, आतून दुसरा गठ्ठा काढला आणि म्हणाला, "ये ले जाओ, सेम टू सेम है." गठ्ठ्यातली शीट उलटून पाहिली तर पाठ कोरी. कंपनीचं नाव नाही, नंबर नाही, काही नाही. गृहस्थ खुशीत पैसे देऊन गेले.

घासाघीस आपण भाव पाडण्याला म्हणतो. त्यांची घासाघीस तिथे संपली. त्यांच्या कारागिराची सोमवारी सकाळी सुरू झाली असणार.

हा हिशेब एकदा नीट मांडायला हवा, कारण दिल्ली, फरीदाबाद, नोएडा, गाझियाबाद इथल्या हजारो लहान कारखान्यांत तो रोज चुकतो. धरा, वाईट शीट ८ रुपयांना आहे आणि चांगली २० ला. दाराच्या एका पल्ल्याला वाईट शीटा दहा लागल्या, चांगल्या तीन. कागदाचे झाले ८० आणि ६०, म्हणजे स्वस्त कागद इथेच महाग पडला. वर, वाईट कागदावर कारागिराचा दीड तास जास्त गेला. दिल्ली सरकारनं एप्रिल २०२५ पासून कुशल कामगाराचं किमान वेतन महिन्याला २२,४११ रुपये ठरवलं. २६ दिवसांनी भागलं की दिवसाला ८६२, आणि आठ तासांनी भागलं की तासाला १०८ च्या आसपास. दीड तासाचे १६२ रुपये. आठ रुपयांची शीट घेणाऱ्यानं एका पल्ल्यामागे १८२ रुपये घालवले, आणि घरी जाऊन सांगितलं की आज शंभर रुपये वाचवले.

हा हिशेब मालक करत नाही, कारण कागद रोख घ्यावा लागतो आणि कारागिराचा वेळ त्याला फुकटचा वाटतो. तो आहेच की तिथे दिवसभर, घासू दे. माझा राग या वृत्तीवर आहे. लाखाचं मशीन हप्त्यावर घेताना ज्याला विचार पडत नाही, तो कारागिराच्या हातात अर्धी शीट ठेवून म्हणतो, "एवढ्यात भागव." दात कोरून पोट भरत नाही, हे आपल्या आज्या सांगत आल्या.

चांगला कागद ओळखणं अवघड नाही. शीट उलटा. पाठीवर कंपनी, नंबर आणि बहुधा एखादं अक्षर असतं. नंबर म्हणजे दाण्याची जाडी: ६०, ८० भरड, ३२०, ४०० बारीक, आणि गाडीच्या रंगाला १०००, २०००. नंबरापुढे पी असेल तर ते युरोपी मापन. ए, सी, डी, ई ही अक्षरं कागदाच्या वजनाची, ए सगळ्यात पातळ. कापडाची पाठ असेल तर लवचीक कापडाला जे, ताठ कापडाला एक्स. काळा कागद बहुधा सिलिकॉन कार्बाइडचा, पाण्यात चालतो. रंग, काच, दगड यांना तो बरा. तपकिरी बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, लाकूड आणि लोखंडाला. हे ॲल्युमिनियम ऑक्साइड म्हणजे आपल्या कुरुंदाचीच रासायनिक जात. इंग्रजांनी कोरंडम हा शब्द तमिळमधून उचलला, आणि आपल्याकडे कुरुंद, कुरुविंद हे शब्द आधीपासून होतेच. शीटचा कोपरा दुमडून पाहा. दाण्यांची खपली उठली तर ती शीट परत ठेवा. सरसानं दाणे चिकटवलेला कागद पाण्यात घातला की त्याचा लगदा होतो, म्हणून वॉटर पेपर म्हणून काही तरी गळ्यात मारत असतील तर एक तुकडा तिथेच ओला करून बघा. दुकानदार रागावला तर रागावू द्या.

आणि नंबर गाळू नका. ८० नंतर थेट २४० मारणारा माणूस दोन शीटा वाचवल्याच्या आनंदात असतो, आणि मग २४० चा कागद ८० चे ओरखडे काढता काढता मरतो. साधारण दीडपटीनं चढत जायचं: ८०, १२०, १८०, २४०. प्रत्येक पायरीवर कागद थोडा वेळच लागतो. कारागिरांना हे माहीत असतं. त्यांच्या पुढ्यात चारही नंबर नसतात, एवढंच. मालकानं एकच नंबर आणलेला असतो, कारण तो स्वस्त मिळाला.

आपल्याकडे हा माल बनतच नाही, असंही नाही. घासायची चाकं बनवणारा देशातला पहिला कारखाना १९४१ साली उरणजवळ मोऱ्याला निघाला, आणि आज त्याचं ग्राइंडवेल नॉर्टन हे नाव प्रत्येक टूल-रूममध्ये आहे. चेन्नईची कार्बोरंडम युनिव्हर्सल १९५४ पासूनची. दिल्लीच्या उंबऱ्यावर मोहननगरला जॉन ओकी अँड मोहन यांचा पॉलिश पेपर निघतो. असा कागद घराशेजारी असताना कोऱ्या पाठीचा गठ्ठा घरी नेण्यात कसली काटकसर आहे?

काटकसर मला ज्यांनी शिकवली ते सांगली जिल्ह्याचे. चांदणी चौकातल्या कूचा महाजनीत सोन्याचा बाजार आहे, आणि त्याच्या आसपासच्या माड्यांवर आपली गलाईवाली मंडळी बसतात. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातून निघून ही माणसं देशभर सराफ बाजारांत पसरली. सोनं-चांदी आटवणं, गाळणं, शुद्ध करणं हा त्यांचा धंदा. दिल्लीत मराठी बोलणारा माणूस म्हणजे सरकारी नोकर किंवा पत्रकार, असं आपल्याला वाटतं. तेजाबाच्या वाफेत उभा राहणारा हा मराठी माणूस आपल्या गणपतीच्या वर्गणीपुरता आठवतो, याची मला लाज वाटते.

त्यांतल्याच एका आण्णांकडे मी पहिल्यांदा गेलो तो एका सोनाराबरोबर. सोनारानं पिशवी उलटी केली आणि बाहेर पडले वापरलेल्या पॉलिश पेपरचे तुकडे. गुळगुळीत झालेले, बोटाच्या घामानं काळे पडलेले, काही नखाएवढे. त्यांच्याबरोबर झाडूचा केर, बफाचा भुगा आणि हात पुसायचं एक फडकं. मला वाटलं, चुकून कचऱ्याची पिशवी आली. आण्णांनी एक तुकडा उचलून खिडकीच्या उजेडात धरला आणि माझ्यासमोर आणला. काळ्या दाण्यांच्या मधल्या फटींत पिवळी रेघ होती, केसाएवढी.

"ह्यो कागद टाकायचा न्हाई, पाव्हणं," ते म्हणाले. "ह्यात ह्याचा रोज हाय."

मग त्यांनी ते सगळं एका लोखंडी घमेल्यात जाळलं. राख थंड झाल्यावर खलली, चाळली, टाकणखार घालून मुशीत घातली. शेवटी हरभऱ्यापेक्षा लहान एक मळका गोळा उरला. त्यात चांदी-तांबंही होतं, ते तेजाबात वेगळं करायचं होतं. सोनाराच्या दुकानाबाहेरच्या गटारातला गाळ धुऊन सोनं काढणाऱ्या झारेकऱ्यांची कला पिढ्यान् पिढ्यांची. ही तिचीच दुसरी शाखा म्हणायची. सोनाराचा नवा कागद काही रुपयांचा. जुना त्याहून मोलाचा, कारण कामानं जे झिजवलं ते त्यात अडकलेलं आहे.

जिन्यानं उतरताना मी सोनाराला विचारलं, कागद कुठला वापरता? त्यानं ताबडतोब कंपनी आणि नंबर सांगितला. वर म्हणाला, वाईट कागद घेतला तर दाणे सोन्यात रुततात, मग चकाकी येत नाही आणि घट जास्त पडते. एका ग्रॅमची किंमत रोज बघणारा माणूस कागदात काटकसर करत नाही. तो करतो झिजेत. लाकडाच्या भुशात सोनं नसतं, हे मला कळतं. पण कारागिराचा तास असतो, आणि तो तास राखेतून परत मिळत नाही.

तेव्हापासून माझ्या वर्कशॉपात कागद फेकण्याआधी दोनदा बघायची सवय लागली. फरीदाबादला माझी लहानशी जागा आहे, जुनं फर्निचर दुरुस्त करतो. शिसवाचा आणि सागाचा भुगा कागदाच्या दाण्यांत बसला की कागद संपला, असं पूर्वी वाटायचं. तो संपलेला नसतो, बुजलेला असतो. बेल्ट आणि डिस्कवर जुन्या चपलेचा क्रेप रबरी तळ चालत्या मशीनवर धरला की चिकटलेला राळ-भुगा त्याला लागून निघतो आणि दाणे पुन्हा डोकं वर काढतात. हाताच्या शीटेला जुना दातांचा ब्रश पुरतो. फळीच्या कडेला हॅकसॉचं पान ठोकून ठेवलं की शीट त्यावर सरळ फाटते. एकीचे चार तुकडे होतात आणि कडेची पट्टी वाया जात नाही. दिल्लीच्या मे महिन्यात कागद सुकून वळतो, पावसाळ्यात मऊ पडतो. शीटा दोन फळ्यांमध्ये दाबून प्लास्टिकच्या डब्यात ठेवायच्या, बेल्ट खुंटीवर लटकवायचे. सँडर मशीनचा वेल्क्रो पॅड सगळ्यात महाग, आणि तो जातो दाबण्यामुळे. कागद बोथट झाला की हात आपोआप जोर लावतो, पॅड तापतो, त्याचे बारीक आकडे वितळतात आणि डिस्क भिरकावली जाते. बोथट डिस्क वेळेवर बदलणं ही पॅडची बचत आहे. यातलं काहीही मी शोधून काढलेलं नाही, कीर्तिनगरच्या कारागिरांकडून उचललेलं आहे.

एक गोष्ट मात्र काटकसरीच्या वहीतून कायमची काढून टाका: कापायचं चाक.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत ग्रिल-गेट बनवणारा एकजण लोखंडी अँगल कापत होता. चाक सुटं घेतलेलं, एका ढिगातून. मी दारात उभा होतो. आवाज बदलला, एक फटका बसला आणि सगळं शांत. समोरच्या लोखंडी कपाटाच्या दाराला नखाएवढा खड्डा पडला होता आणि त्याच्या तळाशी जमिनीवर चाकाचा एक तुकडा पडला होता, चंद्रकोरीसारखा. मशीनला गार्ड होतं म्हणून मोठे तुकडे गार्डनं घेतले. त्याच्या हाताला काही झालं नाही. तो दहा मिनिटं स्टुलावर बसून राहिला, मग पाणी प्यायला. चाकाच्या मधली धातूची रिंग माझ्याकडे आहे. गंजलेली. तिच्यावर तारीख होती की नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

चांगल्या चाकांच्या त्या रिंगवर तारीख ठोकलेली असते. ही पातळ चाकं राळेनं बांधलेली असतात, राळ ओल धरते आणि वर्षांगणिक कमजोर होते. साधारण तीन वर्षांची मुदत धरतात. चाकावर ८० मीटर प्रति सेकंद असं छापलेलं दिसेल. म्हणजे ताशी २८८ किलोमीटर. निजामुद्दीनहून आग्र्याला जाणारी गतिमान एक्स्प्रेस धावते ताशी १६० ने. तिच्या १.८ पट वेगानं फिरू शकणारी वस्तू आपण ढिगातून उचलतो आणि तारीख विचारली की दुकानदार म्हणतो, "डेट से क्या लेना, माल ताज़ा है." त्याला सांगा, तारखेशीच घेणं आहे. तारीख नाही, तर चाक नाही. चार इंची मशीनचं गार्ड काढून त्यावर पाच इंची चाक चढवणारे तर गल्लीगल्लीत आहेत, कारण मोठं चाक जास्त दिवस पुरतं. त्यांच्या मालकांना मी सरळ गुन्हेगार म्हणतो.

बाक-ग्राइंडरचं जाड, भाजलेलं चाक घेताना वेगळी परीक्षा. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तसं चाक बोटावर लटकवून लाकडी मुठीनं हलकेच ठोकायचं. खणखणीत वाजलं तर अखंड, भद्द वाजलं तर आत चीर आहे. ही परीक्षा पातळ कापायच्या चाकाला लागू नाही, तिथे तारीखच बघायची.

सेफ इन इंडिया फाउंडेशन ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' नावानं अहवाल काढते. गुरुग्राम, मानेसर, फरीदाबाद या पट्ट्यातल्या वाहन-सुट्या-भागांच्या कारखान्यांत कामगारांची बोटं कशी जातात, हे त्यात आहे. बहुतेक बोटं पॉवर प्रेसखाली जातात, ग्राइंडरवर नव्हे. पण कारण वाचलं की ओळखीचं वाटतं: सेन्सर बसवला नाही, दुरुस्ती लांबवली, गार्ड काढलं. पैसे वाचले मालकाचे, बोट गेलं बिहारहून आलेल्या पोराचं.

आणि धूळ. लाकडाची धूळ माणसाला कॅन्सर करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं १९९५ सालीच निःसंदिग्ध सांगितलं. दगडाच्या धुळीचं सांगायला दिल्लीला बाहेर जावं लागत नाही. लाल कुआं भागातल्या क्रशरवर राबलेल्यांच्या छात्या सिलिकोसिसनं भरल्या. सुप्रीम कोर्टानं १९९२ साली दिल्लीतले क्रशर बंद करायला लावले, तोवर अनेकांच्या फुप्फुसात व्हायचं ते होऊन गेलं होतं. तरी आज रंगारी तोंडाला रुमाल बांधून पुट्टी कोरडी घासतो. रुमालानं बारीक धूळ थांबत नाही. आयएस ९४७३ हे मानक छापलेला मास्क घ्या. रंग, लॅकर, प्रायमर जिथे शक्य असेल तिथे वॉटर पेपरनं ओलं घासा. ओलं घासलं की कागद बुजत नाही, म्हणून जास्त टिकतो, आणि धूळ हवेत जात नाही. इथे खिसा आणि छाती एकाच बाजूला आहेत. दुसरा हिशेब करायची गरजच नाही. कोरं लाकूड ओलं करता येत नाही हे खरं, तिथे मशीनला व्हॅक्युम जोडा.

आता प्रश्न उरतो तो लहान माणसाचा. चांगला कागद ५० किंवा १०० शीटच्या पाकिटात पाकिटाच्या भावानं मिळतो. ज्याला आठवड्याला सहा शीटा लागतात त्याला नाक्यावरच्या हार्डवेअरमध्ये सुट्या भावानं घ्याव्या लागतात. गरीब कारागीर चांगल्या मालाला जास्त भाव देतो आणि मोठा कारखाना कमी, असा हा उफराटा बाजार आहे. इंडियामार्ट १९९६ पासून आणि मोग्लिक्स २०१५ पासून, दोन्ही नोएडाचे ऑनलाइन बाजार. त्यांच्यावर घरबसल्या भाव कळतो, आणि गल्ल्यावर उभं राहण्याआधी तो बघावाच. पण तिथेही कमीत कमी अमुक नग घ्या ही अट येते, किंवा दोन शीटांना पोचवण्याचा खर्च दोन शीटांएवढा पडतो.

यावरचं औषध आपल्याकडे फार जुनं आहे. ज्या महाराष्ट्रानं तालुक्या-तालुक्याला सहकारी खरेदी-विक्री संघ काढला, ज्या घराघरांतल्या बायकांनी भिशी लावून मिक्सरपासून मंगळसूत्रापर्यंत सगळं घेतलं, तिथल्या माणसाला हे शिकवावं लागू नये. आमच्या गल्लीत आम्ही कागदाची भिशी लावली आहे. दोन सुतार, तो ग्रिलवाला, एक गाडी रंगवणारा आणि मी. महिन्याला प्रत्येकी एक हजार. पाळीपाळीनं एकजण शनिवारी चावडी बाजारात किंवा जी. बी. रोडच्या टूल बाजारात जातो, बंद पाकिटं आणतो, गल्लीत वाटून घेतो. ज्याचा जीएसटी नंबर आहे त्याच्या नावानं पक्कं बिल होतं आणि तो बाकीच्यांना आपलं बिल देतो. १८ टक्के कर वाचवण्यासाठी कच्च्या पर्चीवर घेतलेला माल फाटका निघाला तर परत कुठे नेणार? पक्कं बिल हातात असलं की दुकानदार पाकीट बदलून देतो. आम्हाला दोनदा बदलून मिळालं.

भिशी लागल्यापासून एक फरक मी डोळ्यांनी पाहिला. सुताराकडे काम करणारा मुलगा पूर्वी कागद मागायला मालकाकडे जायचा तेव्हा मान खाली घालून जायचा. आता भिंतीवर चार खोके आहेत, ८०, १२०, १८०, २४०. हवा तो नंबर तो स्वतः घेतो, वापरून झाला की ब्रशनं झाडून खालच्या डब्यात ठेवतो, आणि त्या डब्यातला कागद पुढच्या नंबराच्या कामाला येतो. झिजलेला १२० बऱ्यापैकी १८० चं काम देतो. कागद महिनाअखेर उरतो. मालक आता शीटा मोजत नाही.

तुमच्या गल्लीत चार वर्कशॉप असतील तर आजच बोला. साहिबाबाद असो, ओखला असो, वझीरपूर असो, की पुण्यातलं भोसरी. जाताना चाकांच्या तारखा वाचायला चष्मा घेऊन जा, शीट उलटून बघा आणि पक्कं बिल मागा. चावडी बाजार रविवारी बंद असतो.